आठ नंबर

जानेवारीत डबीतलं पॉलिश दगड होतं.
निफाडचा पारा लोक पेपरात वाचतात,
मला तो झाकण उघडताना कळतो.
चार आण्यांच्या नाण्यानं उचकटून
डबी मी गच्चीच्या कठड्यावर ठेवतो,
बसते बिचारी ऊन खात, पेन्शनर.
बुटांना मात्र ऊन दाखवायचं नाही.
दादा म्हणायचा, कातडं मेलं तरी तहान मरत नाही त्याची.

आधी नाड्या काढायच्या.
नाड्यांसकट पॉलिश करणारा म्हणजे
तोंड न धुता पावडर थापणारा. हेही त्याचंच.
मग आतले बोळे.
उजव्यातून निघालं गंगापूर धरणाचं पाणी, इतके इतके क्युसेक,
डाव्यातून द्राक्षांचे भाव, अर्धेच,
उरलेले अंगठ्याच्या जागी चिकटून बसले.
तारीख बघायची नव्हती.
बघितली.

भद्रकालीत जिन्याखाली त्याचा स्टुडिओ.
हजारभर नवरे हसवले असतील त्याने,
"हसा जावईबापू, फोटोचे पैसे सासऱ्याचे!"
आणि बूट असे, की सिन्नरच्या एका लग्नात
करवल्यांनी नवरदेवाचे सोडून
याचेच पळवले.
पाचशे एक मोजून सोडवून आणले वरधाव्यानं,
नवऱ्याचे खुर्चीखाली तसेच, धुळीत.
दादा तोवर अनवाणी फोटो काढत होता.
बोलला नाही एक अक्षर,
"त्या पोरींची तोंडं मला कॅमेऱ्यातून बघायची होती."

ओलसर फडक्यानं धूळ.
शिवणीत जुना टूथब्रश.
क्रीम वाटाण्याएवढं, जास्त नाही,
कातड्याला पाजायचं असतं, माखायचं नसतं.

गेल्या महिन्यात टाचा बदलायला शालिमारला नेले,
गांगुर्डेबाबांकडे.
त्यांनी बूट फिरवून पाहिले, मग माझे पाय,
मग परत बूट.
"हे तुमचे नाय."
मी गप्प.
डाव्याच्या चवड्यावर त्यांनी अंगठा ठेवला,
तिथं चामडं खोल मोडलंय,
उजव्यावर नाही तेवढं.
"हा माणूस गुडघा टेकायचा. डावा. लई वर्षं.
देवळात का?"
"लग्नात," मी म्हटलं.
ते हसले नाहीत.
आरीचं टोक दगडावर घासत म्हणाले,
"ओलं फडकं, वर गरम चमचा, दाबलं तर निघंल थोडी.
काढू का?"
मी विचारलं, टाचांचे किती होतील.

आता पॉलिश. दोन बोटांना जुन्या बनियनचा तुकडा,
लहान लहान गोल,
पाण्याचा एक थेंब,
आणि थांबायचं. हेच कुणाला जमत नाही.
मलाही नाही जमायचं, तो हात धरून ठेवायचा माझा.
घडीत पॉलिश जास्त साचतं, काळी रेघ होते.
ब्रश तिथं दोनदा न्यावा लागतो.
डबीच्या मधोमध पत्रा दिसायला लागलाय,
रुपयाएवढा.

संध्याकाळी गंगापूर रोडच्या लॉन्सवर
दादाच्या ऊर्मिलाचं रिसेप्शन.
मला सात नंबर लागतो.
चवड्यात कापूस घातला तरी टाच सुटते,
स्टेजच्या पायऱ्यांवर टॉक टॉक.
ऊर्मिलानं आवाजाकडे पाहिलं,
नंतर माझ्याकडे.

फोटोवाला पोरगा, वीसेक वर्षांचा,
म्हणाला, "काका, कंबरेपर्यंतच घेतो, छान येतं."
"पाय पण घे," ऊर्मिला म्हणाली.
"मग खाली बसावं लागेल, ताई."
"बस की."

बसला. डावा गुडघा गालिच्यावर,
त्याच्या पांढऱ्या स्पोर्ट्स शूजच्या टोकाला
एक घडी पडली,
उठला तशी गेली.